पाच मिनिटं मागे असलेली डबी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

नाही, मी उगाच हात लावलेला नाही. अजून कोणी विचारलं नाही, पण विचारणार, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो. डबी मी उघडली कारण डबी चुकत होती. माझ्या मनगटावर आठ वाजले, डबी गप्प. आठ वाजून पाच मिनिटांनी बोलली. मोठे बाबा, सकाळची गोळी. सुनेचा आवाज भरलाय आत.

पाच मिनिटं मागे! आणि मला सांगतात हे नवीन तंत्र.

कारखान्याचा भोंगा जन्मभर ह्या हाताने वाजवला. माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, मान्य. पण ते मुद्दाम. भोंगा पाच मिनिटं आधी झाला की रेंगाळणारे बरोबर वेळेवर आत येतात. म्हणजे खरी वेळ तीच. बाकीचं जग मागे चालतं त्याला मी काय करू.

डबी म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. सुनेने दादाच्या उशाशी बसवला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळामास्तर होता. आता हृदय अशक्त, पाय सुजलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी आठला लघवीची गोळी, रात्री नऊला प्रेशरची. वेळ झाली की डबी बोलते, तांबडा दिवा लागतो. मी गोळी द्यायची, बटण दाबायचं, दिवा हिरवा. एवढ्यासाठी कॉम्प्युटर. मी काय मेलोय?

सून जाताना म्हणाली, बाबा, एक महिना बघू. गोळ्या वेळेवर झाल्या तर मोठे बाबा इथेच राहतील. नाहीतर आम्ही त्यांना आमच्याकडे नेतो. मी म्हणालो, आत्ताच ने, मी सुटेन. असं म्हणायचं असतं. नाहीतर डोक्यावर बसतात.

दुरुस्ती पाच मिनिटांची. डबीच्या वर एक चिमुकली पट्टी खोचलेली आहे. घरात इंटरनेट नाही (मी काढून टाकलं, दोन म्हाताऱ्यांना काय बघायचंय), म्हणून वीज गेली तरी वेळ लक्षात ठेवायला ही पट्टी, असं सून म्हणाली होती. तिच्या पाठीवर कोटाच्या बटणाएवढा सेल. डबी भिंतीतल्या विजेवर चालते, मग सेल कशाला? एका मशीनला दोन दोन मालक. म्हणूनच मागे पडते. काढला.

आणि योग बघा, आपल्या वजनकाट्याला अगदी हाच सेल लागतो. काटा वर्षभर बंद पडून होता. घातला, चालू. दोन दुरुस्त्या, खर्च शून्य.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

डबी काल संध्याकाळी पाचला म्हणाली, सकाळची गोळी. आठची दिली होती. पण तांबडा दिवा लागलेला. आता गोळी न देता नुसतं बटण दाबायचं म्हणजे खोटी हजेरी. भोंग्याच्या खोलीत हजेरीचं मशीनही माझ्याकडेच होतं. सख्ख्या मेव्हण्याचं कार्ड मी कधी दाबलं नाही, तो आला नसताना. गोळी दिली, मग बटण दाबलं. हिरवा.

दादा रात्रभर बाथरूमला. प्रत्येक वेळी मला उठवलं. म्हणे, भोंग्या, आज काय धरणाचे दरवाजे उघडलेस की काय?

भोंग्या. सत्तरी ओलांडली मी, तरी भोंग्या.

रात्री नऊला डबी गप्प. दुरुस्त केलेलं मशीन गप्प आहे म्हणजे वेळ झालेली नाही, म्हणून थांबलो. पहाटे सहाला बोलली, रात्रीची गोळी. उठवून दिली. दादा म्हणाला, मला कुठल्या देशात नेऊन ठेवलंयस? इथे रात्र उजाडल्यावर होते वाटतं.

मशीन नवीन आहे. बसायला दोन दिवस लागतात.

५ फेब्रुवारी, बुधवार.

बसलं नाही. आज दिवसभर बोललंच नाही. मी दोनदा बाहेर गेलो, दूध आणि किराणा. दोन्ही वेळा नेहमीप्रमाणे घराचा मेन स्विच बंद करून. माणूस बाहेर, मेन बंद, हा माझा नियम. दादा म्हणतो, मी काय माणूस नाही का आत? म्हटलं, तू झोपलेला असतोस, तुला पंखा कशाला.

संकल्प : शांत डोक्याने तपासायचं. कोणाला विचारायचं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

सुनेचाच फोन आला, म्हणून विचारलं. तिने टीव्हीला डबी जोडायला लावली, कीबोर्ड लावायला लावला. एका बोटाने टाइप केलं. डी ए टी ई. पडद्यावर आलं, सन दोन हजार, एक जानेवारी.

थोडा वेळ बघत बसलो. त्या तारखेला माझी बायको होती. भोंगाही होता. दादाला दिसत होतं.

सून म्हणाली, बाबा? ऐकताय ना? डबीची वेळ वेगळी असते आणि वरच्या पट्टीतल्या चिपची वेगळी. डबीला वीज गेली की ती सगळं विसरते, मग चालू होताना चिपला विचारते किती वाजले. चिपच विसरलेली दिसतेय. सेल आहे ना तिच्यात?

म्हटलं, आहे.

खोटं बोललो नाही. सेल आहे. घरातच आहे.

मग तिने सांगितलं तसं टाइप करून आजची तारीख घातली, वेळ घातली (माझ्या मनगटावरची, तिला बोललो नाही), आणि आणखी एक लांबलचक हुकूम देऊन ती वेळ चिपमध्ये लिहिली. रात्री नऊच्या ठोक्याला डबी बोलली. माझ्या घड्याळाशी अगदी जुळवून.

दादाला म्हटलं, बघ. म्हणाला, ऐकलं. पोरगी हुशार आहे.

पोरगी! हात माझे होते.

८ फेब्रुवारी, शनिवार.

दुपारी केस कापून आलो, मेन चालू केला, डबी परत सन दोन हजारात.

आता कळलं. दादा. पाणी घ्यायला हात लांब करतो आणि डबीला धक्का मारतो. तोंडावर विचारलं. म्हणाला, भोंग्या, मला समोर तांब्या दिसत नाही, तुझी डबी कुठून दिसणार? म्हटलं, मुद्दाम करतोस. तुला इथून जायचंय. तिकडे सून पायाशी उशी ठेवते, पेपर वाचून दाखवते.

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणजे मी बरोबर ओळखलं.

तांब्या उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. आता पाण्यासाठी मला हाक मारावी लागते. मारू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे डबी नेली. सहज दाखवायला, विचारायला नाही. त्याने डोळ्याला भिंग लावून बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाला, काका, ह्यात सेलच नाही.

म्हटलं, तुमच्याकडे सेल मिळतात का? म्हणाला, हो, हा काय डबा भरलाय.

मग बरोबर. सेल विकणाऱ्याला सगळ्या दुखण्यावर सेल. मी म्हटलं, भिंतीत वीज आहे. तो म्हणाला, मेन बंद केल्यावर कुठून येते? म्हटलं, मेन बंद केल्यावर वेळ बघायला घरात असतंच कोण? डबी उचलून निघालो. तो हसला असेल, मी मागे वळून बघितलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

वायरींवर संशय. पट्टीच्या पिना काढल्या, रॉकेलच्या बोळ्याने पुसल्या, परत खोचल्या. एक पिन वाकडी झाली, पकडीने सरळ केली. सुनेला फोन करून सांगितलं की तपासणी चालू आहे. तिने आणखी एक हुकूम टाइप करायला लावला. पडद्यावर रेघांची जाळी आली आणि मधेच एका ठिकाणी यू यू. ती म्हणाली, म्हणजे चिप जागेवर आहे, डबीशी बोलतेय, वायरी ठीक आहेत. बाबा, खरंच सेल आहे ना? नवीन घाला हवं तर.

म्हटलं, सेल एकदम ताजा आहे. काम करतोय.

तेही खरं. आज सकाळीच दादाचं वजन केलं, काटा ग्रॅममध्ये दाखवतो.

सून म्हणाली, मग मलाच कळत नाही. तिला कळत नाही! हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

दादाचं वजन दोन किलो कमी. सुनेला फोन करून सांगितलं, बघ, सूज उतरली, माझी देखभाल. ती म्हणाली, एवढं? गोळी एकच देताय ना? म्हटलं, डबी सांगते तेवढीच देतो.

हेही खरंच. डबी कधी दोनदा सांगते, कधी एकदाही नाही. सरासरी बरोबर पडत असणार.

दादा सारखा पाणी मागतो. चेहरा उतरलाय. म्हटलं, तोंड वाकडं करायला काय झालं, हलका झालास. म्हणाला, होय रे. आणखी थोडा हलका झालो की तुला खांद्यावर जड जाणार नाही.

मास्तरांचे विनोद. मी हसलो नाही.

नवा संकल्प : डबीवर विश्वास ठेवायचा नाही. गोळ्या माझ्या मनगटावर. पण दिवा तांबडा राहता कामा नये, कारण सून फोनवर रोज विचारते, दिवा हिरवा आहे ना. म्हणजे वेळ मी ठरवणार आणि दिव्याचाही मान ठेवणार. दोघांचं समाधान.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दवाखान्याच्या बाकावर.

शांतपणे लिहितो. माझी चूक कुठे होते ते कोणीही दाखवावं.

काल रात्री नऊला प्रेशरची गोळी दिली. माझ्या मनगटावर नऊ. आज सकाळी आठला लघवीची दिली. दोन्ही वेळेवर. दहाच्या सुमाराला डबी बोलली, मोठे बाबा, रात्रीची गोळी. काल दुपारी मी बाहेरून येऊन मेन चालू केला तेव्हा तिची मध्यरात्र झाली होती, त्या हिशोबाने आता तिची रात्र. दिवा तांबडा. बाहेर ऊन. मला कळत नव्हतं असं नाही. मी वेडा नाही.

पण बटण नुसतं दाबायचं कसं?

गोळी दिली. दादा म्हणाला, ही रात्री दिलीस ना? म्हटलं, दिवा तांबडा आहे. म्हणाला, मग दिव्याला दे. म्हटलं, मास्तर, तोंड उघड. उघडलं त्याने. मोठा भाऊ आहे, पण लहानपणापासून असाच. शेवटी ऐकतो आणि मग मला ऐकवतो.

तासाभराने बाथरूमला उठला आणि दारातच कोसळला. कपाळ चौकटीवर. रक्त फार नव्हतं. फार होतं.

डॉक्टर म्हणाले, प्रेशर एकदम खाली गेलंय, अंगात पाणीही नाही, किती गोळ्या देता? म्हटलं, मशीन देतं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मशीन आहे.

कपाळाला टाके. दादा शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य : भोंग्या, दिवा हिरवा झाला का रे?

हो. दाबूनच निघालो होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

दादाला काल घरी आणलं. आज मुलगा आणि सून आले. मुलगा माझ्याशी बोलत नाही, फक्त गाडी पुसतोय. सुनेने पाच मिनिटांत डबी उघडली. पट्टी उलटी केली. रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, बाबा, सेल कुठे आहे?

म्हटलं, आहे की. काट्यात.

ती काट्याजवळ गेली, पाठीमागचं झाकण काढलं, सेल हातावर घेतला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर तयार होतं. ती म्हणाली, फोनवर दोनदा विचारलं मी तुम्हाला.

म्हटलं, दोन्ही वेळा आहे म्हणालो. नाही म्हणालो का?

दादा पलंगावरून हसायला लागला. टाके ओढले जातात म्हणून कपाळ धरून हसत होता. म्हणाला, सूनबाई, ह्याला शाळेत मीच शिकवलंय. सातवीत सोडून गेला. उत्तर नेहमी बरोबर असायचं, प्रश्न दुसराच असायचा.

सून म्हणाली, रविवारी आपण निघू, मोठे बाबा.

त्याने लगेच हो म्हटलं. लगेच. विचार केल्याचं नाटक तरी करायचं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

बरंच झालं. खोली मोकळी होईल. पलंग तिथून हलवला की खिडकीपाशी खुर्ची बसते. रात्रीच्या हाका नाहीत. तांब्या नाही. जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर उठवलं, आता जरा झोपेन. मला एकट्याला किती लागतं? दोन भांडी.

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून एक सेल आणला. सहज. घरात असावा. त्याने तो पुडीत बांधून दिला. डबा अजून भरलेला होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

सेल पट्टीत मी स्वतः बसवला. उलटा बसवला, मग सुलटा. मेन बंद केला, चालू केला. तारीख तशीच्या तशी. परत बंद, परत चालू. जागची हलली नाही. म्हणजे दुरुस्त झाली, आणि मी केली. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून दाखवलं. म्हटलं, आता कोणाला न्यायची काही गरज नाही. राहायचं असेल त्याने राहावं. मी कोणाला थांबवत नाही आणि घालवतही नाही.

मुलगा म्हणाला, बाबा, प्रश्न डबीचा नाही आता.

मग कशाचा?  हल्लीची मुलं अर्धं बोलतात.

दादा मात्र म्हणाला, थांबा. भोंग्या, पैज लाव. उद्या दहाला आम्ही निघणार. डबीला दहाला बोलायला लाव. सूनबाईच्या मोबाइलवर दहा वाजता बोलली, तर माझी बॅग परत कपाटात. नाही बोलली, तर चूपचाप दार उघडायचं.

सून म्हणाली, मोठे बाबा, नको. तो म्हणाला, तू थांब गं.

मी म्हटलं, लावली. ह्यात हरायला काय आहे? सेल नवा, चिप जागेवर, वायरी पुसलेल्या, आणि वेळ लावणारा मी. उगाच नाही म्हातारा असं बोलला. त्याला राहायचंय, पण मास्तर ना, सरळ कसं म्हणेल. पळवाट काढली त्याने. मला ओळखता येतं.

रात्रीसाठी दादाला आवडते तशी पातळ खीर करायला सांगितली. त्याने दोनदा घेतली. म्हणजे नक्की राहतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी नऊ.

सून म्हणाली, बाबा, वेळ माझ्या मोबाइलवरून बघून लावा. हा घ्या.

म्हटलं, मनगट आहे मला.

ती म्हणाली, बाबा, प्लीज. एकदा बघा तरी. मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी चष्मा काढून खिशात ठेवला. ज्या माणसाच्या भोंग्यावर अख्खं गाव अंघोळी करायचं, त्याने पोरीच्या मोबाइलवरून वेळ घ्यायची? लावली माझ्या घड्याळाने, सेकंद जुळवून. चिपमध्ये लिहिली. कोणाला हात लावू दिला नाही.

दादाची बॅग दाराशी आहे. आतल्या खोलीत उचलून ठेवावी असं वाटलं. पण आधी पैज जिंकू, मग तोच सांगेल.

२३ फेब्रुवारी, रविवार. नंतर.

सगळे बसलो होतो. दादा कोट घालून खुर्चीत, कपाळाला पट्टी. मी उभा. माझ्या मनगटावर दहा वाजले आणि त्याच क्षणाला डबी बोलली. खणखणीत. मोठे बाबा, गोळी.

मी म्हटलं, ऐकलं?

दादा म्हणाला, ऐकलं. सूनबाई, किती वाजले?

सून मोबाइलकडे बघतच राहिली.  त्याने परत विचारलं तेव्हा म्हणाली, दहाला पाच कमी.

 दादा काठीवर जोर देऊन उठला. म्हणाला, जन्मभर बघतोय तुला. घड्याळ मागे घेणार नाहीस ह्याची खात्री होती, म्हणून तर पैज लावली. मग माझ्या दिशेने हात पुढे केला, दिसत नाही त्यामुळे थोडा चुकला, खांद्याऐवजी कानाला लागला. म्हणाला, चल. तुझा भोंगा झाला. निघायला हवं.

मी दार उघडलं. पैज म्हणजे पैज.

गाडीत बसताना त्याने सुनेला विचारलं, तिकडे पाण्याचा तांब्या कुठल्या बाजूला असेल? ती म्हणाली, उजव्या हाताला, मोठे बाबा. म्हणाला, छान.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

डबी इथेच राहिली. तिकडे दुसरी आहे म्हणे. आज आठला बोलली, माझ्या घड्याळाशी सेकंदाला सेकंद. काल नऊलाही. एकदाही चुकली नाही. म्हणजे काम पक्कं झालं होतं, हे कोणीतरी मान्य करायला हवं होतं. फोन आला नाही.

पलंग हलवला नाही. कंबर धरलीये.

दूध आणायला गेलो तेव्हा मेन बंद करायचा राहिला. विसरलो असेन.

दिवा तांबडा आहे. रविवारपासून तांबडाच. बटण दाबलं की हिरवा होईल, मला माहीत आहे. पण गोळी घेणारं कोणी नाही आणि खोटी हजेरी मी लावत नाही.

ह्यापुढे मी एक अक्षर लिहिणार नाही. का, तेही सांगणार नाही.